कळवणची उजेड लागलेली वाळू

या ब्लॉगवर मी आजवर मिसळ, किल्ले आणि धबधबे यांच्याबद्दल लिहिलं. या वेळचा प्रवास वाळू आणायचा होता, तीही दोन पाइपभर. वाचून कोणाला कळवणला जावंसं वाटलं तर जरूर जा, रस्ता चांगला आहे. आमच्या वाट्याला जे आलं ते मात्र कोणाच्या वाट्याला न येवो.

माझी बायको माधुरी भूगोलात पीएचडी करते. कॉलेजात तासिकेवर शिकवते, म्हणजे सुट्टी लागली की पगारही सुट्टीवर जातो. तिचा विषय गिरणेचे जुने पूर. नदीला मोठा पूर आला की पाणी काठावर चढतं, वाळू टाकतं आणि निघून जातं. मग त्यावर माती साचते आणि वाळूचा थर आत गाडला जातो. तो थर किती उंचावर आहे ते मोजलं की पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. हे तिने चार वर्षांपूर्वीच मोजलंय. पण तो पूर कधी आला, हे सांगितल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नाही, असं तिच्या सरांनी दिवाळीच्या तोंडावर सांगितलं. मुदतवाढ ही शेवटची होती. प्रयोगशाळेची एक तारीख महत्प्रयासाने मिळाली होती. दिवाळीचा फराळ संपायच्या आत आम्ही निघालो.

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी, कळवण. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या आत पोचता. दिंडोरीच्या अलीकडे नाश्ता उरका, पुढे गडावर जाणाऱ्यांची गर्दी लागते. मिसळ ठीकठाक होती, तर्री नुसतीच लाल. बसने येणाऱ्यांना नाशिकहून थेट एसटी आहे, पुढे खेड्यांत जायला जीप मिळते. नांदुरीनंतर मात्र गाडी सावकाश हाका, कारण अर्ध्या रस्त्यावर मका वाळत घातलेला असतो. आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही आणि ऊनही नाही. मी गाणी लावली, माधुरीने बंद केली.

तिचा थर आबांच्या शेतात आहे. आबा म्हणजे साठीच्या पुढचे, कांदा आणि मका करणारे शेतकरी. चार वर्षांपूर्वी त्यांनीच तिला नदीकाठची ती उंच दरड दाखवली होती. या वेळी आम्ही पोचलो तर दरडीसमोर पोकलेन उभं! दरड अर्धी कापून झालेली, उरलेल्या अर्ध्या भागात माधुरीची वाळू.

"आबा, हे काय?" माधुरीने गाडीतून उतरताच विचारलं.

"पोरगा येगळा निघाला ना ताई. त्याला घर पायजे. लागवडीची जागा घालवून घर बांधायचं का? म्हून म्हटलं ही दरड काढून सपाट करू."

"पण तो वाळूचा थर..."

"आधी तुमचं होऊ द्या. मशीनवाला बसंल तोवर. काकूच्या हातचं खाऊन पडलाय निवांत."

माझा जीव भांड्यात पडला. माणूस सरळ असला की कामं होतात, असं मी माधुरीला म्हटलंही. आबांच्या घरी काकूंनी बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा वाढला, त्यांचा नातू पाण्याचा तांब्या घेऊन आला. पैसे विचारायची सोय नव्हतीच. रात्री कळवणला लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी मागितल्यावर बादलीने मिळतं, दोघांचं जेवण तीनशेच्या आत.

दुसऱ्या दिवशी माधुरीने खोऱ्याने दरडीचा चेहरा साफ केला. वर काळी माती, मग तपकिरी, आणि त्याखाली पिठासारखी स्वच्छ वाळू, वीतभर जाड. ती खाली शेतात उभी होती आणि वाळू तिच्या छातीच्या उंचीला होती. लोखंडी पाइप हातोड्याने आडवे ठोकायचे, बाहेर काढताच दोन्ही तोंडं बंद करायची आणि काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने आवळायचे. कारण गाडलेल्या वाळूचा कण शेवटचा उजेड पाहून किती काळ लोटला, हे प्रयोगशाळेत मोजता येतं. बाहेरचा उजेड लागला की आकडा पुसला जातो. म्हणून पाइप अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखालीच उघडतात. एक पाइप मुख्य आणि एक राखीव. दोन्ही नीट निघाले. कित्येक महिन्यांनी माधुरी हसली.

ती काकूंना समजावत होती. "इथवर पाणी आलं होतं काकू, या वाळूएवढं."

काकूंनी दरडीकडे पाहिलं, मग दरड कापून सपाट झालेल्या, जिथे घर होणार त्या जागेकडे. तिथे पांढरी फक्की टाकून खोल्या आखल्या होत्या. "म्हंजे घरात छातीला पानी?"

"वर धरण झालंय आता," आबा म्हणाले. "कवाची गोष्ट असंल ती. कवाची हे ताई?"

"तेच काढायला नेतेय आबा. हजारो वर्षांपूर्वीचा असेल तर बिनधास्त बांधा. पण तुमच्या आजोबा-पणजोबांच्या वेळचा असेल, तर तसा पूर पुन्हा यायला वेळ लागणार नाही. मग घर वर रस्त्याकडे घ्या. दोन महिने थांबाल?"

"थांबतो की. पोराला सांगतो मी. पण दरड काढू ना आता? मशीन परत मिळत नाय."

"काढा," माधुरी म्हणाली. "माझं झालं."

वणीच्या अलीकडे नाकाबंदी लागली. निवडणुकीची आचारसंहिता, रस्त्याकडेला मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक साहेब, दोन पोलीस आणि व्हिडिओ कॅमेरा धरलेला माणूस. डिकी उघडली. कपड्यांच्या पिशव्या पाहून झाल्या आणि हवालदाराच्या हाती काळे पाइप लागले. तो चटकन दोन पावलं मागे सरला.

"काय आहे हे?"

"वाळू," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

"वाळू? गिरणेची? उपशाला बंदी आहे, माहितीय ना?"

"पीएचडीसाठी आहे," माधुरीने पत्र पुढे केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. दिवसभर धुळीत बसून डोळे लाल झालेले. "मॅडम, पत्र बरोबर आहे. पण पाइप उघडून दाखवावे लागतील."

"उजेडात नाही उघडता येत सर. सगळं वाया जातं. तुम्ही माझ्यासोबत प्रयोगशाळेत माणूस पाठवा. नाहीतर एखादी अंधारी खोली द्या, लाल बॅटरी आहे माझ्याकडे."

"अंधारात कॅमेऱ्याला काय दिसणार?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "रेकॉर्डिंग चालू आहे. न उघडता सोडलं, वर कोणी पाहिलं, तर मला घरी बसवतील. मला दोन मुली आहेत हो."

"एकच उघडा. दुसरा सोडा."

"एकात वाळू म्हणून दुसऱ्यातही वाळूच, हे कसं लिहू?"

माधुरीने हात जोडले. अकरा वर्षांच्या संसारात मी तिला देवासमोर सोडून कुठे हात जोडताना पाहिलेलं नाही. मला रडू आलं, राग आला, आणि काय करावं ते सुचलं नाही. हवालदाराने पट्टी कापली. दोन्ही पाइप वर्तमानपत्रावर ओतले. नेमकं त्याच वेळी ढग सरले आणि दोन दिवस गायब असलेलं ऊन पडलं. साहेबांनी बोटाने वाळू पसरली, कॅमेऱ्याला दाखवली आणि म्हणाले, "सॉरी मॅडम. भरून घ्या परत."

"परत चल," गाडीत बसल्यावर माधुरी म्हणाली. मी गाडी वळवली. नांदुरीपर्यंत मी आबांना फोन लावत होतो. उचलत नव्हते. मशीनच्या आवाजात ऐकू जाणार तरी कसं?

आम्ही पोचलो तेव्हा दरड नव्हती. सपाट, मोकळी जमीन, आणि आबा खुशीत. "पाहा ताई, किती जागा निघाली!" सगळी माती एक झाली होती. मधूनमधून वाळूचे पांढरट पट्टे दिसत होते, सगळे उघड्यावर. दुसरीकडे कुठे तो थर आहे का, म्हणून माधुरी अंधार पडेपर्यंत काठाकाठाने फिरली. नव्हता. तिने आबांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. त्यांनी चहा करायला लावला.

घरी आल्यावर सरांनी मार्ग काढला. 'काळ अनिश्चित' असं लिहा, एक प्रकरण कमी करा, प्रबंध चालून जाईल. चालेलही. माधुरी डॉक्टर होईल, मी पेढे वाटीन. ती रोज थोडं लिहिते, जेवते, तासिका घेते. कशी आहेस म्हटलं की बरी आहे म्हणते.

परवा आबांचा फोन आला. स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकला.

"ताई, पाया भरला बरं का. पुढल्या महिन्यात वास्तुशांती. दोघं या जेवायला."

"आबा, तुम्ही थांबणार होता ना?"

"थांबलो की. पोराला म्हटलं, ताई सांगतील. तो म्हणला, काय सांगतील? ताई, कवाचा पूर व्हता तो?"

"नाही सांगता येत आबा. पण पाणी आलं होतं. छातीएवढं."

"ते खरं. पण कवा?"

पलीकडे कोणीतरी सिमेंट कालवत होतं, फावड्याचा आवाज येत होता.

"मंग राहू द्या," आबा समजुतीने म्हणाले. "तुमचा काय दोष त्यात. तुम्ही या फक्त."

"येतो," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, की त्यांचा नातू केवढा आहे, उभा राहिला तर कुठपर्यंत येतो. मी पाहिलं होतं त्याला. मी हात माझ्या कमरेशी धरून दाखवला.