एक नग, चालू स्थितीत

ताईंचं बोलणं संपलं असं कुणी समजू नये, हे त्यांच्या कार्यालयात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच कळायचं. अर्ज घेऊन, तारीख तपासून, "जा आता" असं सांगून झालं, आणि पोरगं दारापर्यंत पोचलं, की मागून हाक यायचीच, "आणि एक." उत्तरपत्रिकेला पुरवणी असते, तशी ताईंच्या प्रत्येक वाक्याला असायची. म्हणून मुलांनी त्यांचं नाव पुरवणीताई ठेवलं होतं. ताईंना ते ठाऊक होतं. त्या म्हणायच्या, मूळ उत्तरपत्रिकेवर किती पास झाले ते मला सांगू नका, पुष्कळांना पुरवणीनंच तारलंय.

रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेवीस वर्षांपूर्वी आरोग्य विद्याशाखेच्या तळमजल्यावर सुरू झाला, तेव्हा त्याला एक खोली, एक कपाट आणि एक कार्यालयीन सहायक मिळाली. पुढे खोल्या वाढल्या, कपाटं वाढली, सहायक तेवढी एकच राहिली. शिकवायला प्राध्यापक होतेच. पण पहिल्या वर्षाच्या मुलांना रुग्णालयात धाडायचं, नोंदणीच्या खिडकीसमोर बसवायचं आणि माणूस किती वेळ ताटकळतो ते घड्याळ लावून लिहायला लावायचं, ही कल्पना ताईंची. एकदा एकानं लिहून आणलं, सरासरी चाळीस मिनिटं. ताईंनी विचारलं, बाकाला पाठ होती का? त्यानं पाहिलंच नव्हतं. मग ताईंनी त्याला बिनपाठीच्या बाकावर चाळीस मिनिटं बसून यायला परत पाठवलं. हाच मुलगा रक्ताचा थेंब दिसला की धाडकन आडवा व्हायचा. त्याच्यासाठी ताईंच्या टेबलाच्या खणात दोन वर्षं एक कांदा ठेवलेला असे, नाकाशी धरायला. मुलगा पास होऊन गेला. कांदा ठेवायची सवय राहिली. दर महिन्याला ताजा.

अशा या भरल्या संसारात वाद शिरला. रुग्णालय हे आधी आरोग्याचं की आधी व्यवस्थापनाचं? दोन वर्षं, अकरा बैठका झाल्या. शेवटी ठरलं, अभ्यासक्रम समोरच्या इमारतीत, व्यवस्थापन विद्याशाखेकडे जाणार. ताईंनी जेवणाच्या सुट्टीत अंतर मोजलं. या दारापासून त्या दारापर्यंत दोनशे दहा पावलं. म्हणजे एका बैठकीत एकोणीस पावलं. गोगलगायीनंही लाजून पदर तोंडावर घ्यावा असा वेग.

पत्र आलं, त्यात सगळे होते. विद्यार्थी, प्राध्यापक, पुस्तकं, खुर्च्या. ताईंनी ते दोनदा वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली. आपण कुठंच नाही.

विभागप्रमुख सर म्हणजे देवमाणूस. ताईंनी पुढं ठेवलेल्या कागदाचं पहिलं पान वाचायचे आणि शेवटच्यावर सही करायचे. मधली पानं वाचणं म्हणजे ताईंवर अविश्वास, असं त्यांचं मत. त्यांनी चष्मा पुसत पुसत सांगितलं, की ताईंचं पद अभ्यासक्रमाचं नाही, आरोग्य विद्याशाखेचं आहे. ते इथंच राहणार. ताईंना तिसऱ्या मजल्यावर, जुन्या उत्तरपत्रिकांच्या विभागात बसवणार. निवृत्तीला चार वर्षं उरली होती आणि त्या विभागात माणसं येत नाहीत, वाळवी येते. पुरवण्यांच्या गठ्ठ्यांत पुरवणीताई. विनोद चांगला होता, पण ताईंना त्या दिवशी हसू आलं नाही.

घरी त्यांनी यजमानांना सांगितलं. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दुरुस्त झालेल्या प्रत्येक घड्याळाला ते चिठ्ठी बांधत: "जुनं, पण चालू स्थितीत." त्यांनी डोळ्याचं भिंग न काढताच ऐकून घेतलं. म्हणाले, "अगं, कपाटं जातायत, खुर्च्या जातायत. एवढ्या सामानात आणखी एक नग कुणाला जड होतोय? चढव स्वतःला यादीत."

दुसऱ्या दिवशी ताई हस्तांतराची यादी करायला बसल्या. शेवटची नोंद होती, "६१. भिंतीवरचं घड्याळ, एक नग, पाच मिनिटं पुढे." ते पुढे ताईंनीच ठेवलं होतं, मुलं वेळेवर यावीत म्हणून. त्याखाली बोटांना काय झालं कोण जाणे, अक्षरं उमटली: "पुरवणी. ६२. कार्यालयीन सहायक, एक नग, जुना, पण चालू स्थितीत." ताई एकट्याच खुदकन हसल्या. यजमानांना दाखवायला एक प्रत छापली, टेबलावर ठेवली आणि एका मुलीला पत्त्याचा घोळ निस्तरून द्यायला बाहेर गेल्या.

परत येऊन पाहतात तर टेबल रिकामं. सर हसतमुखानं दारात उभे. म्हणाले, तुम्हाला उगाच हेलपाटा नको म्हणून सही करून यादी मीच तिकडं देऊन आलो. तेवीस वर्षांत सरांनी आपणहून केलेलं हे पहिलं काम.

तिकडचे भांडारपाल म्हणजे सामानाचे राखणदार. कानावर पेन्सिल, हातात नोंदवही, आणि चेहरा असा की हसला तर त्याचीही पावती द्यावी लागेल. सामानाच्या हातगाड्या दिवसभर फिरल्या. त्यांनी एकसष्ट नगांवर बरोबरची खूण केली आणि सरांना फोन लावला, की एक नग कमी आला आहे. सरांनी तेव्हा कुठं दुसरं पान फोनवरून ऐकलं. गयावया करत म्हणाले, अहो, ती गंमत आहे.

"यादीत गमतीचा रकाना नसतो," भांडारपाल म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता झाली पंचाईत. बासष्ट नग मिळाल्याशिवाय ते पोच देणार नाहीत. पोच नाही तर हस्तांतर अपुरं. ते अपुरं, म्हणजे अभ्यासक्रम ना इकडचा ना तिकडचा. आणि चाळीस मुलांना रुग्णालयांत पाठवायची पत्रं शिक्क्यावाचून पडून. मग सरळ नोंद खोडावी, तर सही झालेल्या यादीतली वस्तू खोडायला समिती बसावी लागते आणि त्या समितीला दाखला लागतो. दाखल्याचा मजकूर ठरलेला: सदर वस्तू निरुपयोगी असून दुरुस्तीपलीकडे गेली आहे.

समितीपुढं ताईंना बोलावलं. गमतीपायी आता वाळवीचा विभागसुद्धा जायचा. आत तिघं बसले होते. सर, भांडारपाल आणि मधल्या खुर्चीत अध्यक्ष, म्हणजे विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचे प्रशासक. गृहस्थाला टक्कल पडलं होतं, तरी ताईंनी ओळखलं. कांदा!

अध्यक्षांनी दाखला मोठ्यानं वाचला आणि तो सरांपुढं सरकवला. निरुपयोगी आहे, अशी सही कोण करणार? सरांनी आयुष्यात प्रथमच वाचलेल्या कागदावर सही करायला नकार दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. कागद भांडारपालांकडं गेला. ते म्हणाले, वस्तू तपासल्याशिवाय मी सही करत नाही. मग उठून त्यांनी ताईंना नीट पाहून घेतलं आणि सरांना विचारलं, "चालू आहे ना?"

"भयंकर चालू आहे," सर मनापासून म्हणाले.

अध्यक्षांना हसू आवरेना. ते रुमालात तोंड लपवून खोकल्यासारखं करत राहिले आणि खोकता खोकताच त्यांनी लिहिलं: नग उपयुक्त आढळला, सबब पदासह हस्तांतर पूर्ण करावं. चाळीस पत्रांवर शिक्का हवाच होता, त्यामुळं दोन्ही विद्याशाखांच्या प्रमुखांनी संध्याकाळच्या आत सह्या केल्या. बारावी बैठक, आणि एका दमात दोनशे दहा पावलं.

रात्री यजमानांनी तो आदेश भिंगातून वाचला. म्हणाले, नग आहेस हे मी तीस वर्षं तोंडी सांगत होतो, आता लेखी आलं. ताईंनी त्यांना ताटात जास्तीची पोळी वाढली.

सकाळी ताई ती दोनशे दहा पावलं चालून गेल्या. हातात पर्स, पर्समध्ये नवा कांदा. भांडारपाल दारातच उभे होते. त्यांनी बासष्ट आकड्याची चिकटपट्टी काढली, कुठं लावावी याचा क्षणभर विचार केला आणि अदबीनं पर्सवर लावली. वहीत खूण केली. सही केली. वही मिटली आणि वळून आत निघाले.

"आणि एक," ताई म्हणाल्या.

भांडारपाल थांबले.

"वर्गाबाहेर मुलं बसतात, त्या बाकांना पाठ का नाही?"

भांडारपालांनी बाकांकडं पाहिलं. अकरा वर्षं ते त्यांना नुसते मोजत आले होते. ते सावकाश एका बाकावर बसले, मागं टेकायला गेले, आणि पडता पडता सावरले. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी वहीचं नवं पान उघडलं.