पाठीवरची लव

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी आधी तिचे डोळे, नाक, बोटं काहीच पाहिलं नाही. पाहिली ती लव. कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर, आणि पाठीवर तर खांद्यापासून कमरेपर्यंत काळी, मऊ पसरलेली. पोर तीन आठवडे आधी झालेली, वजन बेताचं, आणि आईला काळजी कसली, तर केसांची. हसायचं असेल तर हसा. पण कॉलेजात माझ्या वरच्या ओठावरून काय काय बोललं जायचं ते मी ऐकलंय. आमच्या पुण्यात टोमणा ओरडून मारत नाहीत, शेजारून जाताना हळूच मारतात आणि तो जन्मभर पुरतो. पोरीच्या वाट्याला ते यायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्यात बाराव्या दिवशी बारसं, आणि पेठेतून सासरची झाडून सगळी मंडळी येणार.

बाळंतपणाला मी कोथरूडला आईकडे होते. बाळाला न्हाऊ घालायला कर्वेनगरहून एक बाई यायच्या. हात खरबरीत, पण ते अंगाला लागले की पोर रडायची थांबायची. हळद-तेल घातलेल्या पिठाचा गोळा अंगावरून फिरवून लव काढतात, हे मला ठाऊक होतं. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, बाई, पीठ लावा. त्यांनी साफ नाही सांगितलं. पोर कच्ची आहे, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे, सव्वा महिना नुसतं तेल लावायचं, लव आपली आपण जाते. मी रोज विचारायचे आणि त्या रोज हेच सांगायच्या. मला वाटलं, बाई अंगचोर आहेत, दुसरं काय.

दहाव्या दिवशी दुपारी आई भाजी आणायला गेली. मी वाटीत बेसन, हळद आणि तेल कालवून गोळा केला आणि पोरीला मांडीवर पालथं घेतलं. दोनदा गोळा फिरवला तर त्याला बारीक काळे केस चिकटलेले. इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग मी थांबलेच नाही. पोर आधी रडली, मग किंचाळली, मग दमून गप्प झाली. मी तिला झबलं घातलं आणि गोळा कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झबलं पाठीला चिकटलं होतं. बाईंनी ते कोमट पाण्याने हळूहळू सोडवलं. पाठ लालभडक, जागोजाग सोललेली, ओली. अंग तापलेलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. छातीला लावलं तर पोर ओढेचना. तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, जखमेतून जंतू शिरलेत, ठेवून घ्यावं लागेल. मग त्यांनी विचारलं, हे घासलं कोणी? आई म्हणाली, मालिशवाली बाई येते. मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

पुढचे पाच दिवस मी तिच्या छातीकडे बघत बसले. श्वासाला जरा उशीर झाला की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. दूध काढून चमच्याने पाजायचो, त्यातलं निम्मं ओठांवरून ओघळायचं. केस राहू देत, अंगभर राहू देत, पण ही जगू दे, असं मी घोकत होते. आणि लाज वाटते सांगायला, त्या भीतीच्या खाली आणखी एक भीती होतीच. कळलं तर? आईने बाईंना यायचं बंद करायला सांगितलं होतं. सोसायटीतल्या आणखी दोन घरांनीही त्यांना काढलं. बारसं तर राहूनच गेलं.

सहाव्या दिवशी पोरीने ओढून दूध घेतलं. मी ढसाढसा रडले. आणखी चार दिवसांनी तिला घेऊन घरी आलो, आणि त्याच दुपारी दाराची बेल वाजली. दारात बाई. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. पोर कशी आहे, दूध ओढते का, एवढंच त्यांनी विचारलं. मग मात्र माझ्याने राहवेना.

"बाई, पीठ मी लावलं होतं."

"ठावं हाय. झबलं सोडवलं तवाच बेसनाचा वास आला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू, ताई? घरची समदी तुमच्यावर तुटून पडली असती. ओल्या बाळंतिणीनं धसका घेतला की दूध आटतं. मग पोर कशावर जगली असती?"

मागे काहीतरी हललं म्हणून मी वळले. आई पोरीला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे होऊन तिने पोर बाईंच्या हातात दिली आणि पाणी तापवायला आत गेली. बाई उंबरठा ओलांडून आत आल्या. मी चपला घातल्या आणि त्या दोन घरांच्या बेल वाजवायला जिना उतरू लागले.