सुई नको म्हटलं होतं

हृदयाची झडप बदलून आले तेव्हा मी तिशीत होते, सौंसरच्या शाळेत मास्तरीण. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, ती जन्माची. जरा कुठे आपटलं की दंडावर काळंनिळं उठायचं. शेजारणी माझ्या नवऱ्याकडे संशयानं बघायच्या. सासूबाई मला विळीला हात लावू देत नसत. सगळे ‘जपून राहा’ म्हणायचे. माझं ऐकून मात्र कोणी घेत नव्हतं.

एकदा मला सणकून ताप भरला. नवऱ्यानं गावातल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं सुई भरायला घेतली.

“डॉक्टरसाहेब, सुई नका लावू. नागपूरच्या डॉक्टरांनी मना केलं आहे. मी रक्त पातळ करायची गोळी घेऊन राहिली.”

“एवढ्याशा सुईनं काय होते? मास्तरीण आहे म्हणून मलेच शिकवून राहिली का?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, “लावू दे न. त्यायले समजत नाही का?”

सुई लागली. संध्याकाळपर्यंत कमरेखाली ही एवढी टणक गाठ आली. सकाळी मांडी गुडघ्यापर्यंत काळी पडली होती. बसता येईना, म्हणून नागपूरपर्यंत एसटीत दांडी धरून उभी राहिले. प्रत्येक गचक्याला डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

तिथला डॉक्टर माझ्यावरच ओरडला, “सुई घ्यायची नाही, हे तुम्हाला बजावलं होतं ना?”

माझं डोकंच फिरलं. “मी सांगितलं होतं! यांना विचारा!”

नवरा मान खाली घालून म्हणाला, “हो. मीच लावू दे म्हटलं.”

कितीतरी दिवस दवाखान्यात पालथी पडून होते. परत आल्यावर लंगडत त्या डॉक्टरकडे गेले आणि बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर विचारलं, “नको म्हणत होती तरी सुई का लावली?”

“नागपूरवाल्यांनी घाबरवून ठेवलं तुले,” तो हसत म्हणाला आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला. वर त्यानंच शाळेत माझी तक्रार केली. हेडमास्तर म्हणाले, माफी मागून टाका. मी मागितली नाही. तोही कधी चुकलो म्हणाला नाही. त्याचा दवाखाना पुढेही तुडुंब चालला.

पुढच्या महिन्यात रक्त तपासायला नागपूरला निघाले, तेव्हा नवऱ्यानं दबकत विचारलं, “मी येऊ का?”

“या. पण तिथं मधे बोलायचं नाही.”