पहिल्या हाकेला ओ

प्लॉट-फ्लॅटच्या धंद्यात किस्से आपोआप साचतात. कागदावर शेताचं 'नगर' होतं, पण शेताला ते कुणी कळवत नाही ना! धुळ्याबाहेर सोनगीरच्या रस्त्याला आमची स्कीम आहे, तिथलेच ऐका. जमीन नानांची. बदल्यात त्यांना दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. नाना आणि अक्का, दोघंच राहतात.

*

नाना गेटमधून कधी सरळ येत नाहीत. कंपाउंडच्या कडेकडेने येतात, जनरेटरला वळसा घालून जिना गाठतात. मी चिडवलं, "नाना, पेव्हर ब्लॉक चावतात का?" म्हणाले, उभ्या कपाशीतून कोणी चालतं का, बांधावरून यावं.

बरं, म्हातारा माणूस! पण शिंदखेड्याहून इथे राहायला आलेल्या बँकेतल्या मॅडम, ज्यांनी हे शेत कधी पाहिलंच नाही, त्याही महिनाभरात तसाच वळसा घालू लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, मी कुठे वळले?

*

मग लिफ्टमध्ये घुंगरमाळ वाजायला लागली. मेकॅनिकने बेअरिंग बदललं, तरी तेच. नाना त्याला म्हणाले, डाव्या बैलाची जरा बसकी वाजते, बाकी ठीक. पुढच्या सर्व्हिसला त्याने दुसराच माणूस पाठवला.

*

अलीकडे नाना चुकायला लागले. चारही विंग सारख्याच दिसतात. एकदा भलत्याच घरात सोफ्यावर बसून त्यांनी चहा मागितला. सगळे हसले. अक्का मात्र हसल्या नाहीत. हायवे जवळ आहे, आणि त्यांना तीच धास्ती.

*

आणि परवा भर दुपारी नाना हरवलेच. आम्ही गच्च्या, विंगा, हायवे पालथा घातला. शेवटी अक्का गॅलरीत आल्या आणि शेतात जेवायला बोलवायच्या तशी लांबलचक हाक मारली.

मला म्हणाल्या, पहिल्या हाकेला ते ओ द्यायचे नाहीत. रानात दुपारची हाक कोणाची असेल सांगता येत नाही, म्हणून तिसरीलाच द्यायची, अशी आमची रीत.

दुसरी हाक मारायच्या आत खालच्या पार्किंगमधून ओ आली. आवाज नानांचाच. मी जिन्यावरून धावत उतरलो. पार्किंगमध्ये कोणीच नव्हतं.

तेवढ्यात गेटमधून नाना आले, चप्पल हातात, धापा टाकत. अक्का रडतच खाली आल्या आणि त्यांनी नानांचा हात घट्ट धरला. नाना पार्किंगकडे बघत होते.

"मी तिसरी हाकनी वाट देखत व्हतू," ते हळूच म्हणाले. "मंग ओ कोनी दिधी?"