अडतिसावा ढीग

बल्लारपुरात एका गोदामात मी एकवीस वर्षं भांडारपाल होतो. गोदाम बंद झालं तेव्हा माझं वय बावन्न. आठ महिने घरी बसल्यावर चंद्रपुरातल्या एका संस्थेत वनहक्काच्या पैरवीचं काम मिळालं. म्हणजे गावांचे दावे तयार करायचे आणि मंजुरी येईपर्यंत कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या. त्यातलं मला काही येत नव्हतं. कागद नीट लावता येतात, एवढ्यावर त्यांनी घेतलं.

पहिलं गाव पोंभुर्ण्याकडचं मिळालं. मासेमारी करणारी सदतीस घरं आणि जंगलातला एक जुना तलाव. गावाचा हक्क लागला नाही, तर मासेमारीचा ठेका बाहेरच्या कुणालाही जाऊ शकत होता. दाव्याला मी दोन पुरावे जोडणार होतो: एक जुना सरकारी कागद आणि एका वडीलधाऱ्याचा जबाब. कागद कुणाकडेच नव्हता. जबाब द्यायला गावातला सगळ्यात म्हातारा ढिवर धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसला होता.

तो बोलत गेला, मी कच्चं टिपत गेलो. मासोळ्या निघाल्या की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं अंथरून घरटी एक ढीग लावायचा. मागच्या साली अडतीस ढीग झाले, म्हणाला.

"भाऊ, घरं सदतीस. मग ढीग अडतीस कसे?"

"सालात जो मेला, त्याचा एक ढीग असते. घरच्याईचा वेगळा, त्याचा वेगळा. एक साल. मंग बंद."

"आणि दोघं गेले तर?"

"तर एकोणचाळीस. तुले हिशेब येते म्हनत होते ना बाबू?"

ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो.

मग जबाबाच्या पक्क्या कागदावर वय लिहायची वेळ आली. तो पंच्याऐंशी म्हणाला. आधार कार्डावर अडुसष्ट निघालं, जन्मतारीख एक जानेवारी, अर्ध्या गावाची असते तशी. मी पेन खाली ठेवला.

"कार्डवाल्यानं माह्या तोंडाकडं पाहून लेहून टाकलं," तो म्हणाला. "तूही तोंड पाह्य आन लेह."

मी म्हटलं, असा जबाब परत येईल. आधी वयाचा दाखला करू, मंगळवारी पक्कं लिहू.

"आताच घे ना लेहून. सदरा धुतला हाय."

"मंगळवारी, भाऊ."

शुक्रवारी मी कचेरीतल्या जुन्या अभिलेखांच्या खोलीत गेलो. गावाच्या गठ्ठ्यात काहीच नव्हतं. शिपाई तो परत ठेवताना खालचा गठ्ठा सुटला आणि शेजारच्या गावाचे कागद फरशीवर पसरले. ते गोळा करू लागलो तर त्यातच आमच्या गावाचं निस्तारपत्रक, म्हणजे जंगलातून कोणी काय घ्यायचं याची जुनी नोंद. तलावाचा उल्लेख होता. मासे धरणाऱ्यांच्या यादीत तिसरं नाव म्हाताऱ्याच्या बापाचं. मी तीनदा वाचलं. बाहेर येऊन एकट्याने दोन प्लेट तर्री पोहे खाल्ले आणि बायकोला फोन केला, नशीब काढलं म्हणून. ती म्हणाली, "पगार तर अजून झाला नाही!" शनिवार, रविवार, सोमवार मी फार आनंदात होतो. बापाचं नाव वाचून दाखवल्यावर म्हातारा काय म्हणेल, हे मनात घोळवत होतो.

मंगळवारी नकला घेऊन गेलो. त्याच्या घरासमोर माणसं खाली बसली होती. तीन दिवस ताप येऊन रविवारी सकाळी तो गेला होता.

त्याच्या बायकोने मला ओळखलं. "आज मंगळवार हाय का?" तिने विचारलं. "तो विचारून राह्यला होता, मंगळवार कधी येते म्हनून."

मी कागद काढला. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या सासऱ्याच्या नावावर मी बोट ठेवलं. मी उचलल्यावर तिने तिथेच आपलं ठेवलं.

"त्यानं बापाचं नाव कागदावर कधीच पाह्यलं नाई," ती म्हणाली.

ऑफिसात माझ्या आधीपासून काम करणाऱ्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "वय 'अंदाजे' लिहायचं असतं हो. सगळे तसंच लिहितात." एवढा एक शब्द. गोदामात एकवीस वर्षांत मी तो कुठल्याच नोंदीत लिहिला नव्हता.

महिन्याभराने त्याच्या बायकोचा जबाब घेतला. कार्ड मागितलं नाही. 'वय अंदाजे ऐंशी,' असं लिहिलं आणि अंगठा घेतला. यथावकाश दावा मंजूर झाला. त्या फायलीत म्हाताऱ्याचा बाप आहे, बायको आहे, तो नाही. माझ्या वहीतलं कच्चं टिपण कुठल्याही पुराव्यात बसत नाही.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं आणि मासे काढायचा दिवस ठरला. मलाही बोलावणं होतं. पाळीवर पानं मांडली गेली. सवयीने मी ढीग मोजले, मग पुन्हा मोजले. म्हातारी शेवटच्या दोन ढिगांजवळ बसली होती.

"मोजले का बाबू? बरोबर हायेत?"

"बरोबर आहेत, बाई."

तिने दुसऱ्या ढिगातली एक मरळ पानात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी नको म्हणालो नाही. घरी बायकोने विचारलं, कुणी दिली. मी म्हाताऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.