दरीच्या बाजूचं चाक

नाशिकला पेठ रोडवर जीवनचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढं दोन गाड्या मावतील एवढं अंगण आणि खांबावर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी: ‘येथे फक्त गाडीचे दुखणे बघितले जाते.’ त्यातलं ‘फक्त’ लिंबू-मिरचीवाल्यांसाठी होतं. गाडीच्या तोंडाला लटकलेली ती माळ दिसली की जीवनचं डोकं फिरायचं. गिऱ्हाइकाला न विचारता तो पक्कड चालवायचा आणि वर सुनवायचा, की गाडीला नजर लागत नसते, वायरींना उंदीर लागतात. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताला गुण होता, म्हणून लोक ऐकून घ्यायचे आणि पुन्हा यायचे.

घरी हाच फटकळपणा त्याच्या आईच्या वाट्याला यायचा. बिचारी कुसाबाई नजर, अमावस्या, उतारा असलं सगळं मनापासून मानायची, आणि तिला तसं कारणही होतं. तिचा नवरा नाथा पेठच्या रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. धाकटी हर्षाली पाळण्यात असताना कोटंबी घाटात चिखलावरून जीपचं चाक घसरलं आणि जीप दरीत गेली. त्यानंतर कुसाबाई त्या घाटात कधी गेली नाही. माहेर घाटापलीकडं होतं, तेही सुटलं.

आणि हर्षालीला नर्सची नोकरी लागली ती नेमकी पेठच्या दवाखान्यात. आईनं अंथरूणच धरलं. तेव्हा जीवननं बहिणीसाठी एक जुनी पण धडधाकट गाडी शोधून आणली आणि आईला अंगणात बसवून समजावलं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, चाक किती वेगानं फिरतंय ते तो गाडीला कळवतो. एखादं चाक घसरून नुसतंच गरगरायला लागलं की गाडी आपण होऊन त्याला आवरते. त्याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात.

“बाबांच्या जीपला हे नव्हतं, आई,” एवढंच तो शेवटी म्हणाला.

कुसाबाईनं उठून गाडीची चारी चाकं हातानं चाचपली. मग तिनं अट घातली, की ते चालू आहे तोवर पोरगी जाईल, ते बंद पडलं की नोकरीही बंद. दोघा भावंडांनी ती कबूल केली.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग भर पावसाळ्यात एका संध्याकाळी हर्षाली घरी आली ती डॅशबोर्डच्या काचेमागं पिवळा दिवा घेऊनच. घसरणारी गाडी आणि तिच्यामागं दोन नागमोडी रेघा, असं ते ट्रॅक्शन कंट्रोल बंद पडल्याचं चित्र. कुसाबाईला अक्षरओळख नाही, पण ते चित्र तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ती तशीच आत गेली.

जीवननं स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरकडून निरोप येत नव्हता. त्यानं सेन्सर काढून पुसला, दिवा घालवला, मखमलाबादपर्यंत फेरी मारून आला. दिवा पेटला नाही. दोन दिवसांनी कोटंबी घाटात तो पुन्हा पेटला. मग त्यानं नवा सेन्सर बसवला, गंगापूर रोडच्या सगळ्या खड्ड्यांतून गाडी नेली. दिवा गप्प. आणि घाटात शिरल्यावर पुन्हा तेच.

“त्यो घाट वळखतो आपल्याला,” कुसाबाई म्हणाली. “सोमवारी राजीनामा देऊन ये.”

हर्षालीनं वाद घातला नाही. पण त्या दवाखान्यात पाड्यांवरच्या बायका आता तिचं नाव घेऊन यायच्या, आणि ते सुटायच्या कल्पनेनं तिला रडू फुटत होतं. जीवनला तर आपल्याच शब्दाची लाज वाटायला लागली होती.

रविवारी तो स्कॅनर मांडीवर घेऊन बहिणीशेजारी बसला आणि दोघं घाटात निघाली. स्कॅनरवर चारी चाकांचे आकडे बरोबरीनं चालले होते. पहिलं कचकचीत उजवं वळण आलं, हर्षालीनं स्टेअरिंग पुरं फिरवलं आणि डाव्या चाकाचा आकडा एकदम शून्यावर आला. दिवा पेटला. गावात चालत्या गाडीचं स्टेअरिंग इतकं कुठं फिरवावं लागतं! जीवननं मोकळी जागा बघून गाडी थांबवायला लावली, स्टेअरिंग पुन्हा तसंच वळवून ठेवायला सांगितलं आणि चाकामागं डोकं घातलं.

सेन्सरच्या वायरीला मुद्दाम ढील ठेवलेली असते, चाक वळलं की ती ताणली जाऊ नये म्हणून. इथं ती वायर शॉकअबच्या, म्हणजे चाकाचे धक्के झेलणाऱ्या दांड्याला आवळून बांधलेली होती, पातळ लोखंडी तारेनं. तारेत एक बिब्बा आणि वाळून काळ्या पडलेल्या मिरच्या. त्याखाली आणखी एक तार, तिच्याखाली आणखी. दर अमावस्येची एक. सगळ्यात खालची वायरीच्या कातडीत रुतली होती. सेन्सर बदलताना त्यानं वर बघितलंच नव्हतं.

परतताना आईला काय काय ऐकवायचं ते जीवननं पुरतं जमवून ठेवलं. गॅरेजात येऊन त्यानं आईला बोलावलं आणि त्या तारांचा गुंता तिच्यापुढं धरला.

“पुढं बांधलं तर तू कापतो,” कुसाबाई म्हणाली. “मंग आत बांधलं. दरीकडच्या चाकाला.”

मग तिची नजर चाकामागं लोंबणाऱ्या त्या सोललेल्या वायरीवर गेली. ती नीट बघायला कुसाबाई खाली बसली.

“मंजी पोरीच्या चाकाची राखण मीच तोडली व्हय रं?”

आयुष्यभराचं भांडण जिंकायची वेळ आली होती, पण जीवननं तो गुंता बाजूला ठेवला. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. “तू नाही, आई. मी कापत होतो म्हणून तुला लपून बांधावं लागलं.”

त्यानं वायरीचा खराब तुकडा काढून नवा जोडला, सांध्यांना सोल्डरिंगचा डाख दिला, वर नळी चढवली आणि वायर पुन्हा तिच्या जागच्या क्लिपांत ढील देऊन बसवली. संध्याकाळी दोघं परत घाट चढून-उतरून आली. दिवा पेटला नाही. कुसाबाईनं स्वतः वाकून काचेमागं बघितलं आणि मानेनंच होकार दिला.

सोमवारी हर्षाली डबा घेऊन निघाली, तेव्हा आई दाराशी नुसतीच उभी होती. हात रिकामे. अमावस्या नुकतीच होऊन गेलेली.

“या खेपेचं कुठंय?” जीवननं विचारलं.

तिनं मान हलवली. ते आता नको म्हणाली.

जीवन आत गेला, देवळीत ठेवलेला बिब्बा शोधून घेऊन आला. गाडीपुढं वाकून बंपरखालच्या कडीला, जिथं कुठल्याच वायरीला धक्का लागणार नाही तिथं, तो बांधला. एका गाठीवर भागलं असतं. त्यानं दोन मारल्या आणि ओढून बघितल्या.