चेंडू नाल्यापार होईपर्यंत

लोणच्याची बरणी रिकामी झाली म्हणून धुवायला घ्यावी, तर तळाशी एखादी फोड निघतेच! आमच्या गोल्फवाल्यांच्या गोष्टी तशाच. संपल्या म्हणावं तर कुणाला तरी एक आठवते, ती सांगेपर्यंत दुसरी पुढे येते, आणि तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जातं.

"बुलढाण्यात गोल्फ?" म्हणून नव्या सुना माझ्या तोंडाकडे पाहतात. हो बाई, गोल्फ! गावाबाहेरच्या माळावर साहेब लोक खेळायचे. ते गेले आणि जिमखान्याच्या कपाटात काठ्यांची एक पिशवी अन् डबाभर चेंडू ठेवून गेले. महाराष्ट्र नवा नवा झाला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, पण पिशवी तिथंच. मग एक दिवस डॉक्टरांनी कपाट उघडलं, वकीलसाहेबांनी पिशवी खांद्याला लावली, आणि आमच्या ह्यांनी एक चेंडू हातात घेतला. तो काही केल्या खाली ठेवला नाही!

आमचे हे बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. दुसऱ्यांनी बांधलेले पूल आणि दुसऱ्यांनी केलेले रस्ते आयुष्यभर कागदावर काढले. स्वतःचं म्हणून काही करावंसं त्यांना तिथं, त्या माळावरच वाटलं.

इंग्लंडात चेंडू पडतो त्या भोकाभोवती मऊ हिरवळ असते म्हणे. आमच्या माळावर गवत पावसाळ्यापुरतंच. मग कमलवहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळी, आणि मी, दोघी ती जागा शेणानं सारवून द्यायचो, ज्वारीच्या खळ्यासारखी गुळगुळीत. म्हणून सगळे तिला खळंच म्हणायचे.

तिसरं खळं नाल्यापलीकडे होतं. चेंडू इकडून मारायचा, तो एका दमात पलीकडे पडला पाहिजे. डॉक्टरांचा जायचा. वकीलसाहेबांचा पोटाच्या जोरावर जायचा. ह्यांचा नाल्यात!

ह्यांचं अंग किरकोळ. त्यात सायकलवरून पडल्यापासून उजवा खांदा पुरता वर जात नसे. पण खांद्याचं नाव कधी तोंडी नाही. "चेंडू जड हाय," म्हणायचे. नाहीतर, "दांडा फार ताठ हाय." रविवारी संध्याकाळी घरी आले की पायरीवर बसून माळाच्या दिशेनं पाहत राहायचे. पोर शिकायला परगावी गेलं की माय रस्त्याकडे पाहते ना, तसं. मला ते बघवेना. एका चतुर्थीला मी देवापुढे सुपारी ठेवली आणि बोलून मोकळी झाले, "ह्यांचा चेंडू नाल्यापार होईपर्यंत मी गूळ खाणार नाही."

डॉक्टरांना कळलं तसे ते कपाळावर हात मारून म्हणाले, "वहिनी, वांगं सोडायचं, कारलं सोडायचं! गूळ काऊन सोडला? ह्याले तर वर्षं लागतील!"

"लागू द्या," मी म्हटलं. "देवाले घाई नाही अन् मलेही नाही."

*

वकीलसाहेबांच्या मते सगळा दोष चेंडूचा. "चेंडू बाहेरून पांढरा दिसते, पण आतून मेलेला असते," म्हणायचे. परदेशी माल तेव्हा कुठे मिळायचा? होते तेच चेंडू निवडून खेळायचे.

ही निवड आमच्या ओसरीत चालायची. एकेक चेंडू हातभर उंचीवरून फरशीवर सोडायचा आणि किती उडतो ते पाहायचं. चांगला उडाला की "जिवंत!" थोडा उडाला की "अर्धमेला!" थप्पकन बसला की तिघंही मान हलवायचे. मी आत पोळ्या लाटता लाटता ऐकायची. नुसत्या आवाजावरून माझ्या मनात यायचं, हा जाईल बाई, हा नक्की जाईल.

एकदा एका चेंडूवरून वाद झाला. हे म्हणाले जिवंत, वकीलसाहेब म्हणाले मेलेला. शेवटी वकीलसाहेबांनी माझी विळी मागितली आणि चेंडू चिरलाच! वरची साल फाटली मात्र, आत ताणून गुंडाळलेला रबराचा दोरा सटासट सुटायला लागला. दोरा तुळशीला, दोरा खांबाला, दोरा वकीलसाहेबांच्या चष्म्याला! चेंडू त्यांच्या हातात तडतड उडत लहान लहान होत गेला. बऱ्याच वेळानं थांबला तेव्हा मुठीत बोराएवढी गोळी उरली होती.

वकीलसाहेब चष्म्यातला दोरा न काढता तसेच बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "जिवंत होता हो."

*

माझं माहेर अमडापूर. तिथं चुलत बहिणीच्या लग्नाला गेले, तर पंगतीत गुळाची पुरणपोळी. मी हात आखडता घेतला. बायका कुजबुजायला लागल्या. आईनं जवळ येऊन विचारलं. मी नवस सांगितला. ऐकलं मामानं, पण अर्धंच!

"काय म्हणता? जावयाले नाला ओलांडता येत नाही म्हणून पोरगी गूळ खात नाही?"

"मामा, तसं नाही..."

"कसं का असेना! साकव टाकून देऊ की! लाकडं आपली, गाडी आपली!"

मी पुष्कळ समजावलं. मामा "हाव, हाव" म्हणत राहिला. आठवडा झाला असेल, आमच्या दारात बैलगाडी उभी! गाडीभर ओंडके, वर मामा. हे कचेरीतून आले आणि गाडी पाहून दारातच थबकले. मामानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाला, "जावईबापू, लाजायचं नाही. आमच्या गावात म्हशीसुद्धा बिचकतात नाल्याले!"

*

त्या ओंडक्यांत एक धामणीचा निघाला, सरळ आणि बिनगाठीचा. धामण लवते, पण मोडत नाही. हे तो ओंडका आणि एक काठी सायकलला बांधून देऊळघाटला गणपत सुताराकडे घेऊन गेले. साहेबांच्या काठीचा दांडा आपल्या हाताला ताठ पडतो, तर मऊ लवणारा दांडा बसवून घ्यायचा, असा बेत.

गणपतनं काठी उलटीसुलटी करून पाहिली. "कायची हाय ही? ना कुदळ, ना कुऱ्हाड."

"चेंडू मारायची."

"मोठ्या मानसानं?"

"हाव."

गणपतनं वितीनं दांड्याची लांबी मोजली. मग म्हणाला, "देतो करून."

पहिला दांडा केला तो मनगटाएवढा! डॉक्टर म्हणाले, "चेंडू राहू दे, आधी माझ्या वाड्यात विहीर खणून दे." दुसरा मात्र असा उतरला की हातात धरून हलवला तर वेताच्या छडीसारखा झुलायचा. ह्यांनी त्याला आळशीचं तेल पाजलं आणि सावलीत वाळवला. मला म्हणाले, "पाहाय, कसा लवते!" इतकं हसू मी त्यांच्या तोंडावर लग्नातही पाहिलं नव्हतं.

दांड्याचा लळा गणपतलाही लागला. बाजाराच्या दिवशी बुलढाण्याला आला की आमच्या दारावरून हाक द्यायचा, "वैनी, आमची पोरगी नांदते का?"

"नांदते, नांदते!" मी आतून म्हणायची.

चेंडू काही पार होत नव्हता, पण पोरगी नांदत होती. एका रविवारी नाल्याच्या काठचा दगड लागला आणि दांडा मधोमध चिरून तुटला. पुढच्या बाजाराला गणपतनं हाक दिली तेव्हा मी लाटणं खाली ठेवून ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनीच ते दोन तुकडे बाहेर नेऊन त्याच्या हातात दिले. गणपतनं चिरेवरून अंगठा फिरवला. मग खांद्यावरच्या उपरण्यात ते तुकडे नीट गुंडाळून घेतले आणि म्हणाला, "राहू द्या साहेब. माहेरी नेतो."

*

दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा असते. विळी झाली, पाटा-वरवंटा झाला, ह्यांच्या नकाशाच्या पट्ट्या झाल्या. मग काठ्यांनीच काय घोडं मारलं होतं? कमलवहिनी आणि मी, दोघींनी मिळून जिमखान्याच्या सगळ्या काठ्या पाटावर मांडल्या, मुठींना गोडं तेल आणि कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, ओवाळलं. सोनं वाटून झाल्यावर तिघंही मोठ्या उमेदीनं माळावर गेले. आम्हीही मागोमाग.

ह्यांनी देवाचं नाव घेतलं आणि अशी काठी फिरवली म्हणता! तेलानं मूठ सुटली. चेंडू जागेवर तसाच. काठी मात्र गरगर फिरत आकाशात गेली, नाल्यावरून गेली आणि पलीकडच्या खळ्याच्या मधोमध जाऊन पडली!

डॉक्टर हळूच माझ्याकडे वळले.

"वहिनी, नवस चेंडूचाच बोलल्या होत्या ना? पक्कं आठवते?"

*

पुढे डॉक्टरांच्या मेहुण्यानं लंडनहून लोखंडी पण लवणाऱ्या दांड्याची एक काठी आणि नव्या चेंडूंचा डबा पाठवला. सोबत निरोप होता: हौशी खेळाडूनं चेंडू मऊ घ्यावा आणि दांडा लवणारा घ्यावा. ताठ दांडा अंगात जोर असणाऱ्यांसाठी.

"हौशी म्हणजे आपणच!" डॉक्टर म्हणाले.

"मी तेच म्हणत होतो," हे म्हणाले. "पहिल्यापासून तेच म्हणत होतो मी." आणि दोनतीनदा तेच म्हणाले.

डॉक्टरांचं मन मोठं. नवी काठी स्वतः आधी हातात न घेता त्यांनी ह्यांना दिली. डब्यातला चेंडूही ह्यांनाच निवडायला सांगितला. सगळे सारखेच होते, पण ह्यांनी एकेक तळहातावर घेऊन पाहिला, कानाशी नेला, आणि एक निवडला. नवी नवरी पदर सावरते तशी बाही सावरून तो जमिनीवर ठेवला.

चेंडू उडाला. चांगला वर गेला. नाला ओलांडून पलीकडच्या काठावर टेकला आणि तिथं थांबला. आम्हाला सगळ्यांना दिसला, पांढराशुभ्र, काठाच्या अगदी ओठावर. वकीलसाहेबांनी टोपी काढली. मी हात जोडायला पदर सारखा केला. आणि चेंडू हळूच, अगदी सावकाश मागे फिरला आणि नाल्यात उतरला.

त्या दिवशी कोणी थट्टा केली नाही. परत येताना हे माझ्या पुढे चार पावलं चालत होते. घराजवळ आल्यावर मागे न पाहता म्हणाले, "वर होता ना तो? तुले दिसला ना?"

"दिसला," मी म्हटलं. "वरच होता."

*

पौषातली गोष्ट. शनिवार होता, कचेरी लवकर सुटली होती. मी माळाच्या कडेच्या मारुतीला तेल घालायला निघाले, तर हे म्हणाले, "चाल, मी येतो." कुत्र्यांसाठी म्हणून साहेबांच्या वेळची एक जुनी काठी हातात घेतली, मधे सुतळी गुंडाळलेली. मारुतीचं झालं. येताना वाटेतल्या गवतात एक चेंडू पडलेला होता. कातडं उललेलं, रंग उडालेला. आमच्या ओसरीत तो "मेलेला" ठरून कधीचा फेकला गेला असेल.

मी पुढे चालत होते. मागून आवाज आला, तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वळून पाहिलं तर चेंडू वर चढत होता. नाला मागे पडला. काठ मागे पडला. पार पलीकडे खळ्याजवळ एवढासा धुरळा उडाला आणि बसला.

माळावर चिटपाखरू नव्हतं. आपल्या माणसाची बस सुटून गेल्यावर आपण स्टँडवर उगाच उभे राहतो ना, तसे हे उभे होते. मी मारुतीच्या दिशेनं हात जोडले.

"झालं," मी म्हटलं.

"हाव." मग काठी बगलेत मारून म्हणाले, "कोणाले सांगू नको."

"काऊन?"

"राहू दे ना."

चेंडू आणायलाही गेले नाहीत. घरी आले आणि नेहमीसारखे पायरीवर बसले. रविवारी खेळायला गेले, चेंडू नाल्यात घालून आले, आणि ओसरीत तिघांचं पुन्हा सुरू झालं, चेंडू मऊ का कडक, दांडा लोखंडी का लाकडी. मी आतून ऐकत होते. माझा जीव मात्र दोन्हीकडे ओढत होता. नवऱ्याचा शब्द मोडवत नव्हता. आणि देवानं देऊन झाल्यावरही मी सोडलेला गूळ धरूनच बसले, तर दिलं नाहीस म्हणून त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखंच होतं की!

अशात संक्रांत आली. कमलवहिनींकडे हळदीकुंकू. माजघरात आम्ही बायका, बाहेरच्या खोलीत हे, डॉक्टर आणि वकीलसाहेब. मधे पडदा. कमलवहिनी प्रत्येकीच्या हातावर तीळगूळ ठेवत येत होत्या. माझ्यासाठी दरवर्षीप्रमाणे कागदाची पुडी बांधून ठेवलेली, घरी नेऊन गाईला घालायला.

"हे तुझं, सुमन," म्हणून त्यांनी पुडी पुढे केली.

मी पुडी घेतली नाही. तळहात पुढे केला.

कमलवहिनींनी माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. ताटातला एक लाडू उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. मी डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला.

"अवं बाई!" कमलवहिनी ओरडल्या. "अहो! ऐकलं का! सुमननं गूळ खाल्ला!"

बाहेरचं बोलणं चटकन थांबलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांचा आवाज, अगदी घाईघाईनं:

"चेंडू कोणता होता?"

"आधी दांडा विचारा!" वकीलसाहेब ओरडले. "दांडा कोणता? लोखंडी का लाकडी?"

पडदा जरासा सरकला. फटीतून हे माझ्याकडे पाहत होते. तीळगूळ भलताच कडक झाला होता. मी चावत राहिले.